चार पायऱ्या आणि बावीस टक्के

आमच्या ग्रामपंचायतीला चार पायऱ्या आहेत. त्या चढायला मला काहीच त्रास होत नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण लोकांनी मला चढताना बघितलं म्हणून घडलं. माझा त्रास उतरायचा आहे. डाव्या पायाला चार बोटं नाहीत आणि अंगठा अर्धा आहे. हिमनदीवरच्या एका ठाण्यावर ती थंडीनं गेली. लष्कराच्या डॉक्टरांनी ती रीतसर कापली, कागदावर नोंदवली आणि मला घरी पाठवलं. चढताना माणूस अख्खं पाऊल टेकवतो. उतरताना मात्र आधी बोटं खाली जातात, जागा चाचपतात आणि मग बाकीच्या माणसाला 'या' म्हणतात. माझ्याकडं ते चाचपणारं कोणी उरलेलं नाही.

म्हणून पंचायतीची नवी इमारत झाल्यापासून मी त्या पायऱ्या उलटा उतरतो. तोंड पंचायतीकडं, पाठ गावाकडं, ट्रकमधून उतरल्यासारखा. गावात म्हणायचे, फौजी आबा सरकारला पाठ दाखवत नाही. मीही मान डोलावून वेळ मारून न्यायचो. पण गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी त्यांची मोटरसायकल शेवटच्या पायरीला चिकटून उभी केली. त्यांचं नाव ज्ञानेश. सरकारनं आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं ठरवलं आहे, पण गावाच्या तोंडात ग्रामसेवकच बसलं आहे. मला पाठीला डोळे नसल्यामुळं मी त्या मोटरसायकलवर बसलो. नुसता बसलो असतो तर निभावलं असतं. मी उलटा बसलो, आणि मग ती आणि मी दोघंही आडवे झालो.

भाऊसाहेब धावत बाहेर आले. आधी मोटरसायकल उचलली, मग मला.

"आबा, जरा बघून उतरत जावा की."

"बघून उतरता येत न्हाई भाऊसाहेब, म्हणून तर उलटा उतरतो."

हे त्यांना काही उमगलं नाही. ते फुटक्या आरशाचे तुकडे गोळा करत राहिले. मी कपडे झटकत घरी आलो आणि झुंबरबाईला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, सांगितलं की या पायऱ्यांना एका बाजूनं धरायला पाइप बसला पाहिजे. दीड इंची लोखंडी पाइप, आठ फूट. दोन उभे तुकडे. एक वेल्डिंगवाला आणि त्याचा अर्धा दिवस. एवढाच माझा प्रकल्प होता. याहून लहान प्रकल्प या तालुक्यात कोणी काढला असेल असं मला वाटत नाही.

"मग आपणच बसवू की," झुंबरबाई म्हणाली. "गोठ्याचा उरलेला पाइप हाय."

मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी पाइप खांद्यावर टाकून मी पंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी पाइपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खुर्चीतून न उठता म्हणाले, "आबा, शासकीय इमारतीला खाजगी पाइप लावला तर ते अतिक्रमण व्हतं."

"आठ फुटाचं अतिक्रमण?"

"अतिक्रमण ते अतिक्रमण. तुम्ही अर्ज द्या. पंचायतच बसवंल."

अर्ज लिहिणं मला जमतं. अक्षरओळख मला उशिरा झाली, पलटणीतल्या शाळेत, मिशा फुटल्यावर. म्हणून मी सावकाश लिहितो, पण जे लिहितो ते खोडत नाही. मी अर्ज दिला. भाऊसाहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. ग्रामसेवकाचा चेहरा उजळला की सामान्य माणसानं घाबरावं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"आबा, हे तर दिव्यांग निधीत बसतंय. दरवर्षी खर्च करायचा असतो, आन् आपल्याकडं लाभार्थीच घावत न्हाई. तुम्ही फकस्त प्रमाणपत्र जोडा."

मी लष्कराचा कागद आणून दाखवला. इंग्रजीत टाइप केलेला, दोन शिक्के, एका कर्नलची सही. त्यावर तीस टक्के लिहिलेलं आहे आणि ते मरेपर्यंत आहे.

"हे न्हाई चालत. हे मिलिटरीचं. आपल्याला सिव्हिलचं लागतं. आन् चाळीसच्या वर लागतं."

"पाय तर तोच हाय."

"पाय तोच असला तरी खातं वेगळं हाय," असं म्हणून भाऊसाहेबांनी विषय संपवला.

माझा सल्लागार म्हणजे शंकरराव. दौंडला रेल्वेत सिग्नल खात्यात होते, निवृत्त होऊन गावी आले. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं आणि ते रेल्वेतून आलेलं असतं. ते म्हणाले, "हौसराव, सरळ पुण्याला जायचं, बोर्डापुढं उभं राहायचं. दौंडवरनं डेमू पकडा. त्यात अपंगांचा डबाच असतो. ऐसपैस बसून जावा. तुमचा हक्क हाय तो."

हक्क आहे म्हटल्यावर मी पहाटेच निघालो. एसटीनं दौंडला पोचलो. डब्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र होतं, आत मात्र आठ-दहा धडधाकट माणसं डबे आणि पिशव्या घेऊन पत्ते खेळत बसली होती. मी चढलो, कारण चढायला मला त्रास नाही. त्यातल्या एकानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मामा, पुढच्या डब्यात जावा. हा अपंगांचा हाय."

"मी अपंगच हाय."

"कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर बूट काढावा लागतो, आणि बूट मी काढत नाही. हे जरा समजावून सांगतो. मी पाय घेऊन घरी आलो त्या वर्षी गावातली सगळी म्हातारीकोतारी तो बघायला आली होती. जत्रेत तंबूपुढं लागते तशी ओसरीवर रांग. आठवडाभर झुंबरबाई चहा करत होती आणि मी पाय वर करून बसलो होतो. कोणी बोट लावून बघितलं. कोणी विचारलं, ती कापलेली कुठं ठेवली. एका पाहुण्यानं तर पोराला पुढं ढकलून सांगितलं, बघ, शाळेत न्हाई गेलास तर असं व्हतं. आठव्या दिवशी मी मोजा चढवला आणि ठरवलं की आता हा पाय डॉक्टर आणि बायको सोडून कोणाला दाखवायचा नाही. आजतागायत ते पाळलं. बुटाच्या पुढच्या रिकाम्या भागात जुना मोजा कोंबतो, त्यामुळं बूट दुमडत नाही. वरून बघणाऱ्याला मी दोन बूट घातलेला म्हातारा दिसतो.

"तुम्हाला काय झालंय?" मी उलट विचारलं.

"आम्हाला काय हुतंय. आम्ही रोजचे हाय," तो म्हणाला आणि त्यानं पान टाकलं.

मी पुण्यापर्यंत उभा राहिलो. एकदा जागा मिळायला लागली होती, पण तोवर माझाही हट्ट चढला होता.

पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात चार रांगा, तीन खिडक्या आणि एक जेवणाची सुट्टी पार करून डॉक्टरांसमोर पोचलो. डॉक्टर तरुण होते, माणूस चांगला. त्यांनी पाय हातात घेतला, पट्टीनं मोजला, तक्त्यात बघितलं, कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले.

"काका, बावीस टक्के बसतात."

"चाळीस लागतात."

"काय करणार. अंगठा पूर्ण गेला असता तर थोडं वाढलं असतं." त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती, माझी गाडी थोडक्यात चुकल्यासारखी. "घोट्यापासून असतं तर मग प्रश्नच नव्हता."

मी त्यांना धन्यवाद दिले. काय करणार, माणूस मनापासून बोलत होता. घरी येताना हिशेब केला तो असा: लष्कराच्या दृष्टीनं मी तीस टक्के, दवाखान्याच्या दृष्टीनं बावीस, पंचायतीच्या दृष्टीनं पुरेसा नाही आणि डेमूच्या दृष्टीनं अजिबात नाही. पाय एकच.

इथं मी गप्प बसलो असतो तर गोष्ट संपली असती. मी शंकररावांना सांगितलं. शंकररावांना सांगितलेली गोष्ट सिग्नल पडल्यासारखी सगळीकडं दिसते. ती विश्वजीतला दिसली. विश्वजीत आमच्या गावातला होतकरू पुढारी. निवडणूक लागायच्या आत त्याला एखादा अन्याय हवा होता आणि गावात त्या वेळी दुसरा मोकळा अन्याय नव्हता.

"आबा, तुम्ही काळजीच करू नका," तो येऊन पायाच पडला. "माझ्याकडं सोडा."

"अरे, फक्त पाइप पायजे."

"पाइपच. पण जरा वातावरण तयार करू."

तिसऱ्या दिवशी वातावरण तयार झालं. चौकात, एसटीच्या थांब्यापाशी, बारा फुटी फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरात: 'देशासाठी पाय देणाऱ्या शूर फौजीला न्याय कधी?' खाली विश्वजीतचा मोठा फोटो, हात जोडलेला. बाजूला त्याच्या अकरा मित्रांचे गोल फोटो. आणि मध्ये मी. म्हणजे मुंडकं माझं होतं. बाकीचा एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसला होता, त्याला गुडघ्याच्या खाली काही नव्हतं आणि त्यानं टाय बांधला होता.

मी विश्वजीतला फोन केला. "हा कोण बसवलाय?"

"आबा, तुमचा नुसता फोटो टाकला तर लोकांना काय कळणार? धड दिसता तुम्ही. शिरूरच्या फ्लेक्सवाल्याकडं तयार तेवढंच हुतं."

"आन् टाय?"

"त्यो त्याच्याबरोबरच आला."

झुंबरबाई चौकात जाऊन फ्लेक्स बघून आली. पदरानं कपाळ पुसत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "रंग उजळ आलाय तुमचा."

सुरुवातीचे चार दिवस बरे गेले. निमोण्यातून, न्हावऱ्यातून ओळखीचे फोन आले. एका शाळेनं भाषणाला बोलावलं. मी गेलो, चालत स्टेजवर चढलो, आणि हेडमास्तरांनी माझ्या मागं पाहिलं, खुर्ची कोण ढकलत आणतंय ते बघायला. तिथून वारं फिरलं. मी मोपेडवर जनावरांचा घास आणतो, मोटर चालू करायला विहिरीवर जातो, हे गाव रोज बघत होतं. पण आता चौकात बारा फुटांचा बिनपायाचा मी उभा, म्हणजे बसलेला, होतो. लोकांना दोघांतला एक निवडणं भाग होतं, आणि छापलेल्यावर लोकांचा विश्वास जास्त.

मग गावाच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक फोटो आला. डावीकडं फ्लेक्स. उजवीकडं मी, आमच्या स्लॅबवरच्या टाकीत डोकावायला शिडीवर चढलेला. खाली दोनच शब्द: 'चमत्कार झाला'. त्याला पंचेचाळीस जणांनी हसरे चेहरे लावले. त्यात माझा सख्खा भाचा होता. मी त्यावर लिहायला बसलो की चढायला मला त्रास नाही, फोटो काढणाऱ्यानं मला उतरताना बघायला पाहिजे होतं. सावकाश लिहितो म्हटलं ना. माझं लिहून होईपर्यंत ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले होते.

पिठाच्या गिरणीत बाया झुंबरबाईला विचारू लागल्या, "वहिनी, पेन्शन पायाची घेत्यात ना? मग पाय कसा काय हाय?" ती घरी येऊन भांडी आपटायची. मला सरळ काही म्हणायची नाही. एक दिवस म्हणाली.

"काढा की बूट एकदा. चौकात उभं राहा, बूट काढा, चला घरी. माझं डोकं उठलंय."

"मी बूट काढणार न्हाई."

"का? त्या पायाला काय सोनं लागलंय?"

"मी सांगतो ते खरं का न्हाई, एवढंच मला बघायचंय. पाय बघून तर कुणीबी खरं म्हणंल."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मग बसा आता खोटे म्हणून," म्हणाली आणि उठून गेली. खरं सांगायचं तर या सगळ्यात तेवढंच मला लागलं होतं. पाइप नाही बसला तर उलटा उतरेन. पण या गावात मला कोणी खोटारडा म्हणालं नव्हतं, पैशाला नाही, शब्दाला नाही. आणि साक्षीला तरी कोण? ज्यांनी त्या आठवड्यात ओसरीवर पाय बघितला होता ते बहुतेक सगळे वारले होते. उरलेल्यांपैकी एकाला दिसत नव्हतं आणि एकाला आठवत नव्हतं. शंकरराव तेव्हा दौंडला होते.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी घरी येऊन ग्रामसभेची नोटीस दिली. विषय क्रमांक सहा: 'श्री. हौसराव यांच्या कथित अपंगत्वाबाबत आलेला तक्रार अर्ज.' अर्ज टाइप केलेला होता. खाली लिहिलं होतं, एक जागरूक नागरिक.

"हे कथित म्हंजी?" झुंबरबाईनं विचारलं.

"लिहावं लागतं, मावशी. उद्या कोर्टात गेलं तर."

आमच्या ग्रामसभेला माणसं कधी भरत नाहीत. पाणीपट्टीचा विषय असो की रस्त्याचा, भाऊसाहेबांना घरोघर सह्या गोळा करत फिरावं लागतं. त्या दिवशी हॉल भरला, खिडक्यांच्या गजांना माणसं लागली. पहिले पाच विषय सरपंच राजश्रीताईंनी दहा मिनिटांत हातावेगळे केले, कारण त्यासाठी कोणी आलंच नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला.

"विषय सहा. आबा, तुम्हाला काय म्हणायचंय?"

मी उभा राहिलो. लष्कराचा कागद दाखवला, बावीस टक्क्यांचा कागद दाखवला. फ्लेक्सवरचा माणूस मी नाही हे सांगितलं. विश्वजीत मोबाइलमध्ये बघत होता. मागून आवाज आला, "कागद काय, आजकाल सगळे मिळत्यात."

दुसरा म्हणाला, "आबा, कशाला ताणता? बूट काढा. एका मिनिटाचं काम."

"मी सांगतोय ते पुरं न्हाई?"

चाळीस वर्षं ओळखणारी माणसं होती. ती पंख्याकडं बघत होती, सतरंजीकडं बघत होती. मग बायकांच्या बाजूनं झुंबरबाई उठली. मला वाटलं आता ही परत बूट काढा म्हणणार. ती गावाकडं तोंड करून म्हणाली, "त्यांनी बूट न्हाई काढला तरी चालंल. बत्तीस वर्षं त्यो पाय मी बघतीय. माझं तरी खरं धरा."

तरीही पंख्याकडची नजर कोणी खाली आणली नाही. माझं खरं धरलं नाही ते मी सोसलं असतं. तिचं धरलं नाही तेव्हा मी खाली बसलो आणि नाडी सोडायला लागलो.

बूट निघाला. आधी त्यातला कोंबलेला मोजा काढून बाजूला ठेवला. त्या मोज्याकडं बघूनच खिडकीतली एक बाई 'आई गं' म्हणाली. तो नुसता मोजा होता. मग पायातला मोजा काढला आणि पाय सतरंजीवर ठेवला. हॉल पुढं वाकला.

"एवढंच व्हय?" कोणीतरी म्हणालं.

"अंगठा हाय की."

"अर्धा हाय."

"मला वाटलं गुडघ्यापासनं आसंल," एक म्हातारा निराश होऊन म्हणाला. तो कासारीवरून खास आला होता. "फ्लेक्सवर तसं हुतं."

मी पायाकडं बघत बसलो. बत्तीस वर्षं झाकून ठेवलेली वस्तू दाखवली आणि ती कोणाला पुरेशी वाटली नाही. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला मला शब्द येत नाहीत, आणि येतात ते ग्रामसभेत बोलण्यासारखे नव्हते.

तेवढ्यात भिंतीजवळून नवनाथ उठला. हा आमच्या समोरच राहतो. वय चाळिशीच्या आत, आधी कंपनीत होता, आता शेळ्या राखतो. फारसा बोलत नाही.

"त्यो अर्ज मी दिलाय," तो म्हणाला.

हॉल त्याच्याकडं वळला. मीही.

"आबांवर माझा राग न्हाई. पण माझी तीन गेली." त्यानं उजवा हात खिशातून काढला. अंगठा होता, करंगळी होती. मधलं सपाट होतं. "वर्कशॉपात, प्रेसखाली. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं, आन् पंधरा दिवसांनी गेटवर गेलो तर पास बंद. कागद मागितला तर म्हणला, तू आमच्याकडं हुतास कवा? मला कुणी टक्के दिले न्हाईत. माझा कुणी फ्लेक्स लावला न्हाई." तो थांबला. "मला आपलं वाटलं, ज्यांची खरी जात्यात त्यांना काय मिळत न्हाई. म्हंजी ज्यांना मिळतंय त्यांची खोटीच असणार."

सरपंचताईंनी चष्मा काढला. विश्वजीतनं मोबाइल ठेवला आणि नवनाथच्या हाताकडं बघितलं, फ्लेक्सवाल्यासारखं.

सहा वर्षं तो माणूस माझ्या दारासमोर राहत होता. मी रामराम घातला की तो नुसती मान हलवायचा, हात जोडायचा नाही, आणि मी घरात येऊन झुंबरबाईला म्हणायचो, ह्याला वळण न्हाई. सहा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हात का जोडत नसेल. मी गावाला शिव्या देत होतो की यांना दिसत नाही.

"विषय सात," राजश्रीताई म्हणाल्या. "पथदिवे." पथदिव्यांसाठी कोणीच थांबलं नाही. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला.

मी मोजा कोंबला, बूट चढवला, नाडी बांधली. झुंबरबाई खाली जाऊन उभी होती. मी पायऱ्यांशी आलो आणि सवयीनं पाठ फिरवली. नवनाथ आधीच एक पायरी खाली उतरला होता.

"आबा, सरळ उतरा."

"सरळ मला येत न्हाई."

"धरा."

त्यानं हात पुढं केला, तोच. अंगठा आणि करंगळी, मध्ये माझं मनगट. पक्कडीत धरल्यासारखं घट्ट बसलं. मी म्हणालो, "दुखंल तुला." तो म्हणाला, "दुखायचं ते केव्हाच गेलं. तुम्ही पाय टाका." आम्ही चार पायऱ्या उतरलो. पुढं तोंड करून उतरताना गाव असं दिसतं हे मला पहिल्यांदाच कळलं. खाली भाऊसाहेबांची मोटरसायकल होती. तिला आम्ही वळसा घातला. भाऊसाहेब दारात उभे राहून बघत होते, आणि मला वाटलं की या माणसाच्याही काळजाला कुठंतरी काही झालं असेल.

झालं होतं. आठ दिवसांनी मला सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळाली. ती अशी: 'तक्रार निकाली. अर्जदार हे इसम नामे नवनाथ यांच्या सहाय्याने पायऱ्या विनाअडथळा उतरत असल्याचे समक्ष पाहिले. पर्यायी व्यवस्था उपलब्ध असल्याने पाइपची आवश्यकता दिसून येत नाही. सबब मागणी अर्ज नामंजूर.'

मी तो कागद तीनदा वाचला. मग रस्ता ओलांडून नवनाथच्या दारात गेलो आणि त्याला म्हणालो, "तू शासकीय व्यवस्था झालास."

त्यानंही वाचला. सावकाश वाचतो तोही. "मग मला पगार?" म्हणाला.

"ते लिहिलेलं न्हाई."

आम्ही त्याच्या अंगणात शेळ्यांमध्ये बसलो आणि दोन अर्ज लिहिले. एक त्याचा, ठेकेदाराविरुद्ध, शिरूरच्या कचेरीत द्यायचा. सहा वर्षं उशीर झाला होता, पण उशिरा लिहिण्याची मला सवय आहे. दुसरा पाइपचा, नव्यानं, दोघांच्या नावानं. त्यात मी मुद्दाम लिहिलं की पर्यायी व्यवस्थेला रोज सकाळी शेळ्या चारायला जावं लागतं आणि तिला स्वतःला धरायला दोनच बोटं आहेत. नवनाथनं डाव्या हातानं सही केली. ती करायला त्याला एवढा वेळ लागला की शेळीनं माझ्या अर्जाचा कोपरा खाल्ला आणि मला तो परत लिहावा लागला.

सोमवारी आम्ही पंचायतीत गेलो. चार पायऱ्या मी पुढं चढलो. भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, दोन्ही नावं वाचली आणि डाव्या हाताच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही सही आधारला जुळत न्हाई."

नवनाथनं उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला, शिक्क्याच्या पेटीशेजारी. भाऊसाहेब हाताकडं बघत राहिले. मग त्यांची नजर टेबलाखाली माझ्या बुटाकडं गेली, परत वर आली. त्यांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि समोरच्या खुर्चीकडं हात केला.

"बसा."

इतक्या महिन्यांत ते मला पहिल्यांदाच बसा म्हणाले होते. पण खुर्ची एकच होती. नवनाथनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"आबा, तुमचं किती टक्के?"

"बावीस. तुझं?"

"मी अजून काढलंच न्हाई."

"मग तुला कसं बसता येईल," मी म्हणालो, आणि बसलो.